गांठोडें आणि त्याची याद

व्यापाराच्या इतिहासांत कारागिराची वाहवा होते, गाडीवानाचीहि थोडीफार होते. परंतु मालाची बांधणी करणाराची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक पाहतां माल कितीहि उत्तम असला तरी तो नीट बांधला जाऊन योग्य स्थळीं पोंचला व तेथें उपयोगास आला, तरच कारागिराच्या श्रमाचें चीज होतें. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचें 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज न्यूअर्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें, तेव्हां त्यावर एका मापाच्या ५८ धातूच्या पेट्या होत्या. पेटी गाडीवरून उचलावी, जहाजावर ठेवावी आणि पुनः दुसऱ्या गाडीवर उतरवावी; आंत काय आहे हें हमालानें पाहण्याचें कारण नाहीं, एवढीच ती कल्पना. परंतु या साध्या कल्पनेनें पुढें जगांतील बंदरांची रीत पालटून गेली.

चाळीसएक वर्षांनंतर हाच प्रश्न एका निराळ्या मालाच्या बाबतींत उभा राहिला. तो माल म्हणजे संगणकाच्या आज्ञावली. त्यांस ना वजन, ना आकार. मग त्यांची बांधणी ती कसली, अशी शंका येणें साहजिक आहे. म्हणून प्रथम तिचाच उलगडा केला पाहिजे.

घरबसल्या बँकेच्या संकेतस्थळावरून कोणी आपल्या भावास पांचशें रुपये पाठवितो, तेव्हां आपण एक कळ दाबली एवढेंच त्यास दिसतें. परंतु त्या कळीमागें आज्ञावलीचे अनेक घटक कामास लागतात. एक घटक ग्राहकाची ओळख पटवितो, दुसरा एका खात्यांतून रक्कम वजा करतो, तिसरा ती दुसऱ्या खात्यांत जमा करतो, चौथा या सर्वांची नोंद ठेवतो. हे घटक पुष्कळदां निरनिराळ्या यंत्रांवर, कधीं तर निरनिराळ्या गांवीं असतात. रक्कम वजा झाली आणि जमा होण्यापूर्वींच एखादें यंत्र बंद पडलें, असें होऊन चालत नाहीं. दोन्ही कृति तडीस जाव्या, नाहीं तर दोन्ही रद्द व्हाव्या, अशी हमी लागते. शिवाय हे घटक लिहिणारे लोक एक असतात आणि ते यंत्रांवर चढवून अहोरात्र चालविणारे लोक दुसरे असतात. या दोघांच्या मधलें जें गांठोडें, त्याचा हा इतिहास आहे.

दूरच्या यंत्रावरील घटकास जवळच्या घटकाप्रमाणेंच हांक मारतां यावी, ही आकांक्षा जुनी. १९८९ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघानें १९९१ सालीं 'कॉर्बा' नांवाची नियमावली प्रसिद्ध केली. निरनिराळ्या भाषांत लिहिलेले व निरनिराळ्या यंत्रांवर वसणारे घटक एकमेकांशीं बोलूं शकावे, हा तिचा हेतु. परंतु लौकरच एक सावधगिरीची सूचना मिळाली. १९९४ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या प्रयोगशाळेंतील जिम वाल्डो व त्यांचे तीन सहकारी यांनीं एक निबंध लिहिला. जवळचा घटक व दूरचा घटक यांतील भेद झांकूं पाहणें हीच मूळ चूक होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. दूरच्या हांकेस वेळ अधिक लागतो, दूरची स्मृति थेट वाचतां येत नाहीं, आणि मुख्य म्हणजे दूरचें यंत्र बंद पडलें असतांहि जवळचें चालूच राहतें. मग काम झालें कीं राहिलें हेंच कळेनासें होतें. निबंध प्रसिद्ध झाला, कांहींनीं तो वाचलाहि; पण पुढच्या दहा वर्षांच्या उत्साहांत त्यांतील बोध मागें पडला.

त्या उत्साहाचें कारण 'जावा' ही भाषा. जेम्स गॉसलिंग यांनीं सन कंपनींत घडविलेली ही भाषा मे १९९५ मध्यें लोकांपुढें आली. एकदां लिहावें आणि कोठल्याहि यंत्रावर चालवावें, हें तिचें आश्वासन. १९९७ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत बांधणीची एक नवी सोय आली. तिचें नांव 'जार', म्हणजे बरणी. आज्ञावलीचे शेंकडों लहान तुकडे एका संकुचित गठ्ठ्यांत घालावे आणि त्यांबरोबर 'मॅनिफेस्ट' नांवाचें एक लहानसें पत्रक ठेवावें, अशी ही बरणी होती. जहाजावरील मालाच्या यादीसहि इंग्रजींत हाच शब्द आहे. आज्ञावलीच्या गांठोड्यास याद जोडण्याची ही चाल पुढें फार महत्त्वाची ठरली.

मार्च १९९८ मध्यें 'एंटरप्राइज जावाबीन्स' या नियमावलीची पहिली आवृत्ति निघाली. मोठ्या संस्थांच्या कामाचे घटक कसे लिहावे, बांधावे व मांडावे याचे नियम तींत होते. तिच्यामागील विचार मोठा आकर्षक होता. घटक लिहिणारानें केवळ व्यवहाराचा विचार करावा; रक्कम किती, खातें कोणतें, व्याज कसें, एवढेंच त्यानें पहावें. दोन्ही कृति तडीस जाण्याची हमी, कोणास परवानगी आहे याची तपासणी, एका वेळीं हजारों लोक आले असतां त्यांची सोय, हीं सारीं ओझीं त्यास आश्रय देणाऱ्या 'कंटेनर' नांवाच्या यजमान आज्ञावलीनें उचलावीं. नियमावलीनें कामाची वांटणीहि करून दिली होती. घटक लिहिणारा, घटक जुळवून एक आज्ञावली सिद्ध करणारा, ती यंत्रावर मांडणारा, सर्व्हर पुरविणारा, कंटेनर पुरविणारा आणि सर्वांवर देखरेख करणारा, अशा सहा भूमिका तींत सांगितल्या आहेत. त्यांत मांडणाराची भूमिका स्वतंत्र गणली गेली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तोंपर्यंत त्यास कोणी विचारीत नसे.

लिहिणारा व मांडणारा यांची गांठ पडण्याचें कारण उरूं नये, म्हणून गांठोड्यांत एक पत्रक ठेवावें लागे. त्यास 'डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर' म्हणत. मांडणीपत्रक म्हटल्यास अर्थ स्पष्ट होईल. पहिल्या आवृत्तींत हें पत्रक यंत्रासच वाचतां येईल अशा रूपांत होतें. डिसेंबर १९९९ च्या सुमारास आलेल्या सुधारलेल्या आवृत्तीनें तें 'एक्सएमएल' या साध्या लिखित रूपांत आणलें, त्यामुळें मनुष्यासहि तें वाचतां येऊं लागलें. घटकाचें नांव काय, त्याची कोणती कृति दोन्ही बाजूंच्या हमीनेंच झाली पाहिजे, कोणत्या अधिकाराच्या मनुष्यास ती करतां यावी, त्यास आणखी कोणत्या घटकांची व कोणत्या माहितीसांठ्याची गरज आहे, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. लिहिणारा खऱ्या सांठ्याचें नांव जाणत नसे. तो केवळ एक मानलेलें नांव देई. मांडणारानें आपल्या ठिकाणच्या खऱ्या सांठ्याशीं तें नांव जोडून द्यावें. रुखवताच्या यादींत 'देवघराची समई' असें लिहावें आणि देवघर कोठें तें सासरच्या मंडळींनीं ठरवावें, तशांतलाच हा प्रकार होता.

डिसेंबर १९९९ मध्येंच या सर्व नियमांस एकत्र करणारी 'जे-टू-ईई' ही मोठी नियमावली प्रसिद्ध झाली. तिनें गांठोड्यांत गांठोडें ठेवण्याची रीत घालून दिली. घटकांची 'जार', संकेतस्थळाचीं पानें व त्यांमागील आज्ञावली यांची 'वॉर', आणि या सर्वांस पोटांत घेणारी, संपूर्ण आज्ञावलीची 'ईअर'. प्रत्येकींत निराळें पत्रक. या नियमांस अनुसरणारे सर्व्हर अनेक कंपन्यांनीं बाजारांत आणले. बीईए कंपनीचा वेबलॉजिक, आयबीएमचा वेबस्फिअर, आणि विनामूल्य मिळणारा जेबॉस हे त्यांतील प्रमुख. घटकांची एक पेठ भरेल, एखादी संस्था व्याजाचा घटक एकीकडून व करआकारणीचा दुसरीकडून विकत घेईल आणि आपल्या सर्व्हरवर नुसता मांडील, अशी त्या काळच्या धुरीणांची अपेक्षा होती.

ती पेठ अपेक्षेप्रमाणें भरली नाहीं. तिचीं कारणें तपासणें उद्बोधक आहे. पहिलें कारण पत्रकांतच होतें. पत्रक सर्वांस समान होतें खरें, परंतु जेथें खरा घोळ होता तेथेंच तें मुकें होतें. घटकांतील कोणतें कलम माहितीसांठ्याच्या कोणत्या कोष्टकांत ठेवावें, हें सांगण्याची समान रीत त्यांत नव्हती. म्हणून प्रत्येक कंपनीनें आपलें निराळें पुरवणीपत्रक काढलें. एका सर्व्हरसाठीं बांधलेलें गांठोडें दुसऱ्यावर मांडावयाचें तर पुरवणीपत्रक नव्यानें लिहावें लागे, आणि तें लिहिण्यासाठीं मूळ लिहिणाराच्या मनांत काय होतें हें विचारावें लागे. ज्या गांठीभेटी टाळण्यासाठीं हा सर्व खटाटोप केला, त्या अशा रीतीनें पुनः पदरीं पडल्या.

दुसरें कारण गांठोड्यांत गांठोडें ठेवण्याचें. आंतील बरणींत आणि बाहेरील बरणींत एकाच नांवाचा तुकडा असला, तर यंत्रानें कोणता उचलावा? दोन निरनिराळ्या मार्गांनीं उचललेला एकच तुकडा जावाचें यंत्र दोन भिन्न वस्तु समजतें. त्यामुळें अमुक वस्तु अमुक प्रकारची नाहीं अशी तक्रार यंत्र करी, आणि पाहणारास तर दोन्हींचीं नांवें अक्षरशः एक दिसत. असल्या तक्रारीचा उलगडा करतां करतां मांडणाराच्या रात्री जात. दोष लिहिणाराचा कीं मांडणाराचा, हा वाद मात्र उजाडल्यावरहि मिटत नसे.

तिसरें कारण सर्वांत खोल होतें. वाल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्याविषयीं सावध केलें होतें, तेंच येथें घडलें. आरंभींच्या नियमांत प्रत्येक घटक दूर आहे असेंच धरलेलें असे. दोन घटक एकाच यंत्रावर शेजारीं शेजारीं असले तरी नियम असा कीं, एकानें दुसऱ्यास हांक मारतांना पाठविलेल्या माहितीची नक्कल काढूनच ती दिली पाहिजे. एका खातेदाराचें नांव, पत्ता व शिल्लक विचारावयाची तर तीन हांका. शेजारच्या खोलींतील भावास टपालानें पत्र पाठवावें, तसें हें झालें. कामें मंदावलीं, यंत्रें वाढवावीं लागलीं. २००१ सालच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तींत जवळच्या घटकांस जवळचे म्हणून हांक मारण्याची सोय करण्यांत आली. म्हणजे जो भेद झांकावयाचा होता तोच नियमांत उघडपणें मान्य करावा लागला.

२००२ सालीं दोन ग्रंथ निघाले व त्यांनीं मतप्रवाह पालटला. मार्टिन फाउलर यांनीं मोठ्या आज्ञावलींच्या रचनेवरील ग्रंथांत, घटक शक्यतों विखरूंच नयेत, असा रोखठोक सल्ला दिला. रॉड जॉन्सन यांनीं आपल्या ग्रंथांत या अवजड नियमांवांचूनहि मोठीं कामें कशीं करतां येतात तें करून दाखविलें. त्या ग्रंथाबरोबरच्या आज्ञावलींतूनच 'स्प्रिंग' नांवाची रचना वाढली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति मार्च २००४ मध्यें आली. साधे घटक, एकच 'वॉर' गांठोडें आणि हलका सर्व्हर, एवढ्यावर कामें भागूं लागलीं. नियमकर्त्यांनींहि हट्ट धरला नाहीं. मे २००६ मध्यें आलेल्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांनीं पत्रक ऐच्छिक केलें, आणि त्यांतील बहुतेक सूचना आज्ञावलीच्या मजकुरांतच टिपांच्या रूपानें लिहिण्याची मुभा दिली. डिसेंबर २००९ मध्यें तर हे घटक थेट 'वॉर' गांठोड्यांत ठेवण्याची परवानगी मिळाली. लिहिणाराचें काम हलकें झालें, यांत शंका नाहीं. परंतु याद आतां मालाच्या पोटांत गेली; बाहेरून वाचणारास पूर्वीं जें दिसे तें दिसेनासें झालें.

यानंतर बांधणीचा विचार अगदीं उलट दिशेनें गेला. आजवर माल लहान व यजमान मोठा होता. आतां यजमानासच मालाबरोबर गांठोड्यांत बांधावें, असें ठरलें. मार्च २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स यांनीं कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें भरलेल्या एका परिषदेंत 'डॉकर' या साधनाचें अवघ्या कांहीं मिनिटांचें प्रात्यक्षिक दाखविलें. त्यामागील युक्त्या नव्या नव्हत्या. एखाद्या आज्ञावलीस यंत्रांतील ठराविक कोपराच सर्व जग भासविण्याची सोय युनिक्स प्रणालींत १९७९ सालींच होती. तिच्या वांट्यास येणाऱ्या साधनसामग्रीस मर्यादा घालण्याची सोय लिनक्समध्यें २००८ सालीं आली. डॉकरनें या युक्त्या सामान्य कारागिराच्या हातीं दिल्या. आज्ञावली, तिला लागणारी भाषा, तिचीं सारीं अवजारें व तिचा सर्व्हर एका पेटींत बंद करावा आणि पेटी कोठेंहि नेऊन उघडावी. २०१४ सालीं आलेल्या 'स्प्रिंग बूट' या रचनेनेंहि जावाच्या बरणींत सर्व्हर घालून तीच दिशा धरली. या पेट्यांस 'कंटेनर' हेंच नांव पडलें, आणि डॉकरच्या चिन्हांत पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा आला. मॅक्लीनच्या जहाजाचें ऋण अशा रीतीनें उघडपणें मान्य झालें.

पेट्या वाढल्या तशी त्यांच्या व्यवस्थेची गरज भासली. जून २०१४ मध्यें गूगल कंपनीनें 'कुबेरनेटीस' ही व्यवस्था जाहीर केली. हें नांव सुकाणूधारी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेलें आहे. कोणती पेटी किती संख्येनें चालावी, एखादी बंद पडल्यास दुसरी केव्हां उभी करावी, पेट्यांनीं एकमेकींस कोणत्या नांवानें हांक मारावी, हें सर्व या व्यवस्थेस लिहून द्यावें लागतें. लिपी बदलली, एक्सएमएलच्या जागीं 'यॅमल' आलें. परंतु हें लिखाण म्हणजे १९९९ सालचें मांडणीपत्रकच होय, आणि त्यास येथेंहि 'मॅनिफेस्ट' असेंच म्हणतात. त्याच वर्षीं एका मोठ्या आज्ञावलीऐवजीं अनेक लहान स्वतंत्र सेवा मांडण्याची पद्धति लोकप्रिय होऊं लागली. म्हणजे पत्रक परत आलें, मांडणारा परत आला, आणि अंतरहि परत आलें. फरक एवढाच कीं आतां अंतर लपविलें जात नव्हतें. तें गृहीत धरून हिशेब मांडला जात होता.

तथापि बंद पेटीचा खरा धडा डिसेंबर २०२१ मध्यें मिळाला. 'लॉगफोरजे' नांवाचा जावा भाषेंतील एक अत्यंत सामान्य घटक आहे. आज्ञावलींत काय घडलें याची रोजकीर्द लिहिणें, हें त्याचें काम. तो हजारों गांठोड्यांतून बसलेला होता. त्याच्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्त्यांत २०१३ सालापासून एक दोष राहून गेला होता. बाहेरच्या मनुष्यानें विशिष्ट आकाराचा मजकूर पाठविला व रोजकीर्द लिहिणाऱ्या घटकानें तो नोंदला, कीं तो मजकूर सूचना म्हणून पाळला जाई. परक्या यंत्रावरून आज्ञावली आणून ती आपल्या घरांत चालविण्यापर्यंत मजल जाई. हें ज्या मार्गानें होई तो मार्ग 'जेएनडीआय', म्हणजे ज्या नामकोशांतून पूर्वींच्या विखुरलेल्या घटकांस एकमेकांचा पत्ता लागत असे तोच. एका काळची सोय दुसऱ्या काळीं उघडी खिडकी ठरली. चीनमधील अलीबाबा कंपनीच्या सुरक्षा-पथकानें नोव्हेंबरांत हा दोष कळविला आणि डिसेंबरांत तो जगजाहीर झाला. धोक्याच्या दहा गुणांच्या मापांत त्यास पूर्ण दहा गुण देण्यांत आले.

दुरुस्ती लौकरच तयार झाली. ती लिहिणें कांहीं मोठें कठीण नव्हतें. कठीण होतें तें निराळेंच. जगांतील संस्थांपुढें त्या दिवसांत एकच प्रश्न उभा होता: आपल्या कोणत्या पेटींत हा घटक आहे? पेटींत 'वॉर', 'वॉर'मध्यें 'जार', त्या 'जार'मध्यें आणखी कोणाची उसनी 'जार'. आणि ज्यानें ती ठेवली तो केव्हांच नोकरी सोडून गेलेला. पत्रकांत किती पेट्या चालवाव्या हें लिहिलेलें होतें, त्यांच्या आंत काय आहे हें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें नव्हतें. नाताळच्या सुटीच्या तोंडावर मांडणारे लोक एकेक गांठोडें सोडून आंत पाहत बसले. त्याच वर्षाच्या १२ मे रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं काढलेल्या हुकमांत, सरकारास विकल्या जाणाऱ्या आज्ञावलींबरोबर त्यांतील घटकांची याद देण्याचा विषय आलाच होता. त्या कलमाचें महत्त्व सात महिन्यांनीं सर्वांस पटलें.

या पाव शतकाच्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक पिढीस वाटलें कीं गांठोड्याचा नवा प्रकार काढला म्हणजे लिहिणारानें मांडणारास कांहीं सांगण्याची गरज राहणार नाहीं. गांठोडें बदललें, बरणी झाली, बरणींत बरणी झाली, पेटी झाली. सांगण्याची गरज मात्र एकदांहि संपली नाहीं. जें पत्रकांत उतरलें नाहीं, तें कोणास तरी मध्यरात्रीं शोधावें लागलें. आंत काय आहे हें हमालानें पाहण्याचें कारण नाहीं, ही मॅक्लीनच्या पेटीची खरी खुबी. परंतु पेटीच्या धन्यास तरी तें ठाऊक असावें लागतें.

आमच्या जुन्या घरांत लेक सासरीं निघाली म्हणजे पेटी भरण्याचें काम सारें घर करी. पण याद लिहिण्याचें काम एखाद्या जाणत्या मनुष्याकडे असे, आणि ती याद दोन्ही घरीं जपून ठेवीत. वस्तु जुन्या होत, मोडत, बदलत; वाद पडला म्हणजे याद काढीत. आज्ञावलींच्या बांधणीचें शास्त्र अनेक वळणें घेऊन त्याच शहाणपणाकडे येऊं लागलें आहे. गांठोडें बांधणारानें गांठ पक्की मारावीच. पण ती मारण्यापूर्वीं आंत काय ठेवलें तें स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावें, कारण तें गांठोडें सोडणारा मनुष्य निराळा असतो, आणि त्या वेळीं विचारावयास बांधणारा जवळ असेलच असें नाहीं.